ऑक्सिजन कमी होतोय हे कसं ओळखायचं: आकड्याच्या आधी श्वास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६८. तीन दिवस ताप आणि खोकला. घरच्या ऑक्सिमीटरवर कधी ९३, कधी ९५ दिसतं. आई म्हणते, "मला काही होत नाही, उगाच धावपळ करू नका." ओठ निळे पडलेले नाहीत, धाप लागते असंही ती म्हणत नाही. मग धोका आहे की नाही, आणि रात्री-अपरात्री नेमकं काय दिसलं तर लगेच निघायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. फुप्फुसाचा जुना आजार नसलेल्या माणसाला तापात बसल्या जागी ९३ येत असेल, तर डॉक्टरांनी आजच छाती तपासायला हवी. उद्या सकाळची वाट पाहायची नाही. आणि त्याच्याही आधी, हे वाचून झालं की लगेच, आईचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. २० किंवा कमी भरले तर नेहमीच्या डॉक्टरांकडे नेण्याइतका वेळ हातात आहे. २१ ते २४ असतील तर दुपारचं जेवण, संध्याकाळचा दवाखाना असलं काही न बघता निघा. २५ किंवा त्याहून जास्त भरले, तर जिथे ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात थेट जा, यंत्र ९५ दाखवत असलं तरी.

श्वास आधी का वाढतो

रक्तातला ऑक्सिजन दोन तऱ्हांनी मोजला जातो. ऑक्सिमीटर सांगतो ती टक्केवारी, म्हणजे हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे. दुसरा असतो रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब. तो धमनीतून रक्त काढून करायच्या एबीजी तपासणीत कळतो. या दोघांचं नातं सरळ रेषेचं नाही. दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असताना टक्केवारी ९७-९८ असते. दाब ६० पर्यंत घसरला तरी टक्केवारी ९० च्या जवळपासच राहते. त्याच्या पुढे मात्र दाब ५० झाला की टक्केवारी ८५ च्या खाली जाते आणि ४० झाला की ७५ वर येते. देशावरून कोकणात उतरताना सपाट पठार संपतं आणि घाटाच्या तोंडाशी रस्ता एकदम खाली जातो, तसाच हा आलेख आहे. ९३ वर माणूस अजून पठारावरच असतो, पण कडा जवळ आलेला असतो. ९० च्या खाली प्रत्येक पाऊल उतारावर पडतं. म्हणून ९८ चे ९३ व्हायला दोन दिवस लागतात आणि ९० चे ८० व्हायला कधी कधी दोन तासही लागत नाहीत.

शरीर हे ओळखून असतं. न्यूमोनियाने फुप्फुसाचा एखादा भाग भरला की तिथले मज्जातंतू मेंदूला खबर देतात, श्वास भराभर होऊ लागतात आणि उरलेल्या चांगल्या भागातून जास्त हवा खेळवली जाते. त्यामुळे मिनिटाला १६ चे २६ श्वास झाले तरी टक्केवारी ९५ वर टिकून राहते. त्या ९५ मागे किती कष्ट आहेत ते यंत्राच्या पडद्यावर दिसत नाही. छातीचे स्नायू थकले की आकडा कोसळतो, आणि मग हाताशी फारसा वेळ राहत नाही. "९५ आणि श्वास २८" असलेला माणूस "९२ आणि श्वास १६" असलेल्या माणसापेक्षा जास्त आजारी असू शकतो, हे नातेवाइकांना पटवायला जड जातं, पण खरं आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत रुग्ण बिघडतोय का हे ठरवायला 'न्यूज २' नावाची गुणपद्धत वापरतात. तिच्यात ऑक्सिजन ९१ किंवा कमी असेल तर ३ गुण, श्वास २५ किंवा जास्त असतील तरी ३ गुण, आणि नव्याने गोंधळल्यासारखं वागणं सुरू झालं तरी ३ गुण. तिन्हींचं वजन सारखं धरलेलं आहे.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. गुदमरल्याची जाणीव मेंदूला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी असला, पण कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत असला, तर माणसाला फारसं काही वाटत नाही. कोविडच्या काळात ८० च्या घरात आकडा असलेली माणसं फोनवर गप्पा मारत बसलेली असत, ती यामुळेच. वयस्कर माणसांत आणि जुन्या मधुमेहात ही जाणीव आणखी बोथट झालेली असते. तेव्हा आईचं "मला काही होत नाही" हे तिच्या मनाचा मोठेपणा म्हणून घ्या, पुरावा म्हणून घेऊ नका.

श्वास मोजायची रीत

मोजतोय हे रुग्णाला कळू देऊ नका. कळलं की श्वास बदलतो. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघतोय असं भासवा आणि नजर पोटावर किंवा छातीवर ठेवा. अंगावर शाल असेल तर तिच्या घड्या हलताना दिसतात. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसलेलं असावं. जिना चढल्यावर, खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर, बोलताना किंवा जेवताना मोजलेला आकडा धरू नका. तापानेही वेग थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. पण २५ च्या वर असेल तर ताप उतरायची वाट पाहत घरी बसू नका.

ही साधी मोजणी किती ताकदीची आहे हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या खेड्यांत गावातल्याच माणसांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्याने मुलांचे मृत्यू घटले, आणि हे काम १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी यांचं एक साधं साधनही तयार केलं होतं. तुमच्या हातात तर घड्याळ असलेला फोन आहे.

अंगावर आणि वागण्यात काय दिसतं

सगळ्यात आधी बोलणं तुटतं. एरवी एका दमात पूर्ण वाक्य बोलणारी आई चार शब्दांनी थांबते, मग दोन शब्दांनी, मग मान हलवूनच उत्तर देते. पाण्याचा पेला एका दमात संपत नाही. घास घेऊन मध्येच थांबावं लागतं आणि "भूक नाही" म्हणून ताट बाजूला सारलं जातं. आई-वडील गावी आणि मुलं पुण्यात, दुबईत किंवा न्यू जर्सीत असतील तर फोनवरही हे कळतं. फोन चालू ठेवून त्यांना स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायला सांगा आणि परतल्यावर आज काय जेवण केलं ते सविस्तर विचारा. वाक्य कुठे तुटतं ते ऐका. कालच्या बोलण्याशी ताडून पाहिलं की फरक लगेच ध्यानात येतो.

श्वास रोखून सेकंद मोजायचे किंवा एका श्वासात आकडे म्हणायचे, अशा चाचण्या निरोपांतून फार फिरतात. त्यांच्यावर विसंबू नका. ८८ असलेला धडधाकट तरुण त्या पार करू शकतो आणि ९८ असलेला दम्याचा रुग्ण नापास होऊ शकतो.

दुसरं बसणं-झोपणं. माणूस आडवा होत नाही. पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकतो. रात्री एका उशीच्या तीन उशा होतात, मग खुर्चीतच डोळा लागतो. आडवं झाल्यावर जीव घाबरा होणं आणि बसल्यावर बरं वाटणं यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या कमकुवतपणामुळे फुप्फुसात साठलेलं पाणी असतं. त्यातच गुलाबी फेस पडू लागला तर एक मिनिटही घालवू नका. सदरा काढून छातीकडे बघा. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळगीत आणि बरगड्यांमध्ये खड्डा पडतो का? मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले जातात का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, श्वास आत घेताना छाती वर येते पण पोट आत जातं का? एरवी पोट बाहेर येतं. हे उलटं दिसलं तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, थकलेलं आहे.

तिसरं मन, आणि यातच सर्वांत जास्त फसगत होते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की आधी चिडचिड येते. शांत माणूस ओरडतो, मास्क ओढून काढतो, अंथरूण चाचपतो, मध्यरात्री उठून "मला घरी जायचंय" म्हणतो. घरचे समजतात वय झालंय किंवा ताप डोक्यात गेलाय. कुणी झोपेची गोळी देतं, कुणी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पाजतं. हे कधीही करू नका. झोपेची गोळी श्वासाची प्रेरणाच दाबते, आणि उरलेला तोल त्यानेच जातो. नव्याने सुरू झालेली अस्वस्थता दिसली की आधी श्वास मोजा, मग यंत्र लावा.

अस्वस्थतेनंतर ग्लानी येते. तीस श्वास घेणारा, तळमळणारा माणूस काही उपचार नसताना अचानक निपचित झाला, श्वास दहा-बारावर आले, आणि घरच्यांना वाटलं की आता आराम पडला, असं घडतं. तो आराम नसतो, थकवा असतो. खरोखर बरं वाटणारा माणूस डोळे उघडून बोलतो, पाणी मागतो. हाक मारल्यावर डोळे उघडून लगेच मिटत असेल तर तो शुद्धीवरून उतरतोय. दम्याच्या झटक्यात शिट्टीसारखा आवाज अचानक बंद झाला आणि माणूस मात्र कासावीसच आहे, तर हवा आत-बाहेर जाणंच थांबत आलंय.

नाडी १०० च्या वर जाते, १२० च्या वर गेली तर गंभीर. अंगाला गार घाम सुटतो. मात्र रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून ८० नाडी बघून निर्धास्त होऊ नका.

निळेपणाची वाट पाहू नका

ओठ निळे पडणं हे खरं लक्षण आहे, पण उशिराचं आहे. निळसर रंग दिसायला दर डेसिलिटर रक्तात साधारण चार ते पाच ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. १५ हिमोग्लोबिन असलेल्या माणसात तो रंग ८० च्या आसपास दिसू लागतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिनच सहा आहे, ती निळी पडायच्या कितीतरी आधी प्राणाशी झुंजत असते, आणि दिसते फक्त पांढरीफटक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून आपल्याकडे तरी "निळी नाही म्हणजे ठीक आहे" हा निकष सोडून द्यायला हवा.

बघायचंच असेल तर जीभ आणि ओठांच्या आतली बाजू बघा, खिडकीपाशी, दिवसाउजेडी. पिवळ्या दिव्यात किंवा रंगीत पडद्यामागे रंग कळत नाही. सावळ्या वर्णावर निळ्यापेक्षा राखाडी, राखेसारखी छटा दिसते. नुसती नखं निळसर आणि बोटं गार असतील, जीभ मात्र गुलाबी असेल, तर ते थंडीने किंवा हातात रक्त कमी खेळल्यानेही होतं. जीभ निळी दिसली तर शंका ठेवू नका, निघा.

रक्तक्षयाचा आणखी एक फास आहे. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, साठा सांगत नाही. गावाला येणारे टँकर काठोकाठ भरलेले आहेत एवढंच त्याला दिसतं. पंधराऐवजी सहाच टँकर आलेत हे दिसत नाही. १५ हिमोग्लोबिनला ९८ टक्के म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन, आणि ६ हिमोग्लोबिनला तेच ९८ टक्के म्हणजे जेमतेम ८. अशा रुग्णाचा आकडा ९३ झाला तरी तो फार मोठा खड्डा आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या घरांनी तर छातीत दुखणं, ताप आणि आकडा नेहमीपेक्षा तीनने कमी, हे एकत्र दिसलं की तडक रुग्णालय गाठावं. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून काही तासांत चित्र बदलू शकतं.

ऑक्सिमीटर नीट लावणं

हे यंत्र जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून आलं. ते बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवतं आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला किती प्रकाश शोषला गेला यावरून हिशेब करतं. म्हणजे बोटात ठोका नीट पोचत नसेल तर हिशेबच चुकतो. घरी होणाऱ्या बहुतेक चुका इथल्याच असतात.

पाच मिनिटं बसा. हात गार असतील तर चोळून किंवा कोमट पाण्यात बुडवून गरम करा. नेलपॉलिश काढा, विशेषतः निळं, काळं, हिरवं. गडद मेंदी रंगलेली असेल तर दुसरं बोट वापरा किंवा यंत्र बोटाच्या बाजूने, आडवं लावा. मधलं किंवा अंगठ्याशेजारचं बोट टोकापर्यंत आत सरकवा, हात छातीच्या उंचीवर टेकवून स्थिर ठेवा. त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला नसावा, आणि ऊन किंवा प्रखर दिवा थेट यंत्रावर पडत नसावा. पहिला आकडा धरू नका. ३० ते ६० सेकंदांनी स्थिरावलेला धरा. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर वरची टक्केवारीही खोटी. पडद्यावरचे ठोक्याचे पट्टे जेमतेम हलत असतील तरी तेच.

एक फार साधी चूक: दोन आकड्यांतला ऑक्सिजन कोणता आणि नाडी कोणती याची अदलाबदल. घाबरलेल्या माणसाला नाडीचे ८८ ऑक्सिजनचे वाटतात आणि घर डोक्यावर घेतलं जातं. किंवा उलट, नाडीचे ९८ बघून ८८ ऑक्सिजनकडे दुर्लक्ष होतं. एसपीओटू म्हणजे ऑक्सिजन, पीआर म्हणजे नाडी. एकदा निरोगी माणसाच्या बोटावर लावून घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्क्यांचा फरक असतो, आणि ७० च्या खालच्या आकड्यांना नेमकेपणा नसतो. गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात यंत्राच्या नजरेतून सुटलेला कमी ऑक्सिजन कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळला. म्हणून सावळ्या-काळ्या वर्णाच्या माणसाचा ९३ हा "९३ किंवा त्याहून कमी" असा वाचणं शहाणपणाचं. एकट्या आकड्यापेक्षा एकाच यंत्रावरचा, एकाच बोटावरचा उतार महत्त्वाचा. सकाळी ९७, दुपारी ९५, रात्री ९३ असं दिसणं हे दिवसभर ९३ दिसण्यापेक्षा जास्त चिंतेचं आहे. दर चार तासांनी वेळ, श्वास, ऑक्सिजन आणि नाडी वहीत लिहा.

बसून ९५ किंवा जास्त असेल तेव्हाच चालून बघा. कोविडमध्ये ऐकलेली सहा मिनिटांची चाल हीच: घरातल्या सपाट जमिनीवर, नेहमीच्या वेगाने, बोटाला यंत्र लावून, सोबत कुणीतरी ठेवून. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीन किंवा जास्तने घसरला तर फुप्फुसाची राखीव ताकद संपत आली आहे. ६० च्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरतात. धाप लागली, चक्कर आली तर तिथेच थांबा. तुमच्या आईला बसूनच ९३ येतंय, तिला चालवायची गरज नाही आणि चालवूही नका.

यंत्र ९९ दाखवतं आणि माणूस मरणाच्या दारात असतो

बंद न्हाणीघरात गॅस गीझर, किंवा थंडीत दारं-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी. अर्धवट जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला ते हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. डोकं दुखणं, मळमळ, पायातलं बळ जाणं, एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम होणं, आणि बाहेर मोकळ्यावर बरं वाटणं, या खुणा. दार उघडा, माणसाला बाहेर ओढा, गॅस बंद करा, आणि आकडा कितीही चांगला दिसला तरी रुग्णालयात न्या. तिथे "गीझर" किंवा "शेगडी" हा शब्द सांगायला विसरू नका, नाहीतर निदान चुकतं.

याच्या उलट, आकडा ८५ च्या आसपास अडकून बसला आहे, ऑक्सिजन लावूनही हलत नाही, माणूस निळा-राखाडी दिसतो पण धाप फारशी नाही, असं असेल तर मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन, असू शकतं. डॅप्सोनची गोळी, नायट्राइट, काही रंग आणि रसायनं यांमुळे ते होतं. काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. त्यावर वेगळं औषध आहे, म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

मण्यार चावल्यावरही यंत्र सुरुवातीला उत्तम आकडा दाखवतं, कारण फुप्फुसं निरोगी असतात. पापण्या जड होणं, दोन-दोन दिसणं, मान उचलता न येणं, आवाज नाकात जाणं ही तिथली धोक्याची घंटा आहे. आकडा घसरेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडलेले असतात.

ज्यांचं "नेहमीचं"च वेगळं असतं

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाचा, मग तो आजार विडीमुळे झालेला असो की चुलीच्या धुरामुळे, रोजचाच आकडा ८९-९० असू शकतो. त्याच्यासाठी ९८ हे ध्येय नाही, ८८ ते ९२ हे आहे. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजन दिल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो: सकाळी डोकं जड, हात गरम, पुढे केलेले पंजे फडफडणं, आणि मग झोप. यंत्रावर ९७ बघून घरचे खूश असतात आणि माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतो. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या लिटरवरच ठेवा, धाप वाढली म्हणून स्वतःहून पाचवर नेऊ नका. बरा असतानाचा आकडा कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा. त्यापेक्षा तीनने घसरला, कफ हिरवा झाला किंवा पायाला सूज आली तर दाखवा.

केदारनाथ (सुमारे ३,५८० मीटर) किंवा लेहला (सुमारे ३,५००) निरोगी माणसाचाही आकडा ८५ ते ९२ मध्ये असतो. तिथे बसल्या जागी धाप, कोरडा खोकला किंवा तोल जाणं दिसलं की आकड्यावर वाद न घालता खाली उतरवायचं.

लहान बाळं

मोठ्यांचं क्लिप यंत्र बाळाच्या बोटावर चुकीचे आकडे देतं, म्हणून तिथे मोजणी आणि नजर हेच साधन. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान. बाळ शांत असताना मोजा, रडताना किंवा पिताना नाही. छातीचा खालचा भाग श्वासासोबत आत ओढला जाणं, म्हणजे आपण "पोट उडतंय" म्हणतो ते, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज, श्वासासोबत डोकं हलणं, दूध सोडणं, न उठणं: यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय. पोट उडतंय म्हणून पोटाला चटके देऊ नका, बिब्बा लावू नका. आजार छातीत आहे, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजन मिळू शकला असता.

निघेपर्यंत काय करायचं

९० च्या खाली, किंवा श्वास ३० च्या वर, किंवा गोंधळ, ग्लानी, निळी जीभ, छातीत दुखणं, दोन शब्दांत तुटणारं बोलणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. गाडी दारात असेल आणि रुग्णालय दहा मिनिटांवर असेल तर थांबून राहू नका. जिना असेल तर रुग्णाला चालवू नका, खुर्चीत बसवून दोघांनी उचला. थोड्या पायऱ्यांतही आकडा झपाट्याने खाली येऊ शकतो.

तोवर ताठ बसवा, पुढ्यात उशी द्या, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. आडवं झोपवू नका. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, श्वास फार जड नसेल आणि कारण न्यूमोनिया असेल तर पालथं झोपणं चालतं. पाठीकडची फुप्फुसं उघडतात आणि आकडा दोन-चारने चढतो. गरोदर बाई, ग्लानीतला माणूस किंवा हृदयाच्या रुग्णासाठी ते नाही. दमा आधीपासून असेल तर निळा सालब्युटामॉल पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून), एका वेळी एक दाब, चार ते सहा वेळा. ग्लानी असेल तर तोंडातून पाणी, चहा, औषध काहीही नाही. वाफेने ऑक्सिजन वाढत नाही, उलट हातातून गरम पाणी सांडून भाजतं. कापूर-ओव्याच्या पोटलीनेही वाढत नाही, आणि कापूर लहान मुलांना विषारी आहे.

घरी सिलिंडर असेल तर नळीतून एक ते दोन लिटरवर सुरू करा. न्यूमोनियात ९२ ते ९६, सीओपीडीत ८८ ते ९२ एवढंच गाठायचं. खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी, गॅस काहीही पेटतं नको. रेग्युलेटरला तेलाचा हात नको. १,५०० लिटरचा बी प्रकारचा भरलेला सिलिंडर मिनिटाला दोन लिटरवर साधारण बारा तास चालतो, पाच लिटरवर पाच तास. निघण्याआधी काटा बघून हिशेब करा, वाटेत संपायला नको.

रुग्णालयाच्या दारात पहिल्या मिनिटात हे सांगा: त्रास कधी सुरू झाला, ऑक्सिजन न लावता बसून आकडा किती होता, आत्ता किती लिटरवर किती आहे, श्वास किती मोजले आणि किती वाजता, बरी असतानाचा आकडा किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एका पायाला सूज किंवा गेल्या महिन्यात ऑपरेशन, लांबचा प्रवास झाला होता का. नुसतं "९४ आहे" म्हणू नका. ऑक्सिजनशिवाय ९४ आणि पाच लिटरवर ९४ हे दोन पूर्णपणे वेगळे रुग्ण आहेत, आणि दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला त्यातला कोणता समोर आला आहे हे तुम्हीच सांगू शकता.